लष्कर : नावांत जपलेली छावणी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या वस्तीस 'लष्कर' म्हणतात. हे नाव आपल्या तोंडी इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणास वाटत नाही. वास्तविक या नगराचा इतिहास त्या एका शब्दातच सामावलेला आहे.

इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून येऊन येथे तळ दिला. तो तळ पुन्हा हलला नाही. राहुट्यांच्या जागी घरे आली, आणि छावणीचे शहर झाले. त्या छावणीची मांडणी मोहल्ल्यांच्या नावांत आजही वाचता येते. 'हुजुरात' म्हणजे खुद्द सरकारचे घोडदळ. 'जिन्सी' तोफखान्याची आठवण देते. 'कंपू' म्हणजे कवायती पलटणींचा तळ. 'खासगी बाजार' राजघराण्याच्या खासगी खात्याचा. आपट्यांची पायगा ही घोड्यांची पागा होय. 'चिटणीस की गोठ', 'निंबाळकर की गोठ' यांतील 'गोठ' म्हणजे आपला 'गोट', म्हणजे सरदाराचा व त्याच्या माणसांचा तळ; त्याचा गुरांच्या गोठ्याशी काही संबंध नाही. महाराज बाड्यातला 'बाडा'ही आपला वाडाच. लष्कर शब्द फारसी, गोट मराठी, कंपू युरोपीय. जशी फौज मिश्र, तशीच तिची भाषाही.

यानंतर दगडी इमारतींचे युग आले. जयाजीराव शिंदे यांच्या काळी, १८७४ साली, मायकेल फिलोज यांनी आखलेला जयविलास राजवाडा पुरा झाला. १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला किल्ला १८८६ मध्ये शिंद्यांस परत मिळाला. त्याच वर्षी गादीवर आलेल्या माधवरावांची कारकीर्द १९२५ पर्यंत चालली. बाड्याभोवती व्हिक्टोरिया मार्केट, टाऊन हॉल, टपाल कचेरी अशा भिन्न शैलींच्या इमारती आहेत. चौकाच्या मध्यभागी जयाजीरावांचा पुतळा आहे.

इमारत ढासळली तर ती सर्वांस दिसते. नावाचा अर्थ हरपला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. छावणीतील राहुट्यांचा एक खुंटाही आज शिल्लक नाही. तिची खूण उरली ती या शब्दांतच. म्हणून आम्हांस पालकांना इतकेच सुचवावयाचे आहे की, मुलांस घेऊन बाड्यापासून कंपूपर्यंत एकदा पायी जावे आणि वाटेतील प्रत्येक मोहल्ल्याच्या नावाचा अर्थ सांगावा. इतिहासाचा असा पाठ वर्गाच्या चार भिंतींत आम्हां शिक्षकांसही देता येणार नाही.