शंका-समाधान : भांग, सुकती आणि 'काइ'

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर काशीदला जाऊन आला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भांगाची भरती होती रे." आमच्या घरात आजवर कुणी सुपारीही खाल्लेली नाही. माझी झोप उडाली आहे. त्याला विचारू तरी कसं?
– एक आई, पुणे

उत्तर : काळजी सोडा, मुलगा समुद्राबद्दलच बोलत होता. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि उधाण (मोठी भरती) येते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींशी काटकोनात असतात. त्यामुळे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तीच भांगाची भरती. शाळेच्या भूगोलातही हाच शब्द आहे.

खूण तुमच्या पत्रातच आहे. नशेची भांग स्त्रीलिंगी, म्हणून 'भांगेची' गोळी. समुद्राचा भांग केसांतल्या भांगासारखाच पुल्लिंगी, म्हणून 'भांगाची' भरती. मुलगा 'भांगाची' म्हणाला आणि तुम्ही ते जसेच्या तसे लिहिलेत, हे फार बरे झाले. एवढ्यावरून त्याची झडती घेऊ नका. त्याची झोप, अभ्यास, पैशांचा हिशेब यांत खरोखरच बदल दिसत असेल, तरच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : भांगाच्या दिवशी पाणी कमी चढते, तर मुलांना काशीदच्या समुद्रात सोडायला हरकत नाही ना? मनात धाकधूक आहे.
– एक वाचक, पेण

उत्तर : ती धाकधूक योग्य आहे. भांग फक्त पाणी किती चढेल-उतरेल ते सांगतो. लाटांचा जोर आणि आतला ओढा त्यावरून कळत नाही. काशीदला माणसे बुडाली आहेत. जीवरक्षकांना आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. बुडता बुडता वाचलेल्या मुलाला नंतर खोकला किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझी नात हवाई बेटांवर वाढते. समुद्रालाही 'काइ' म्हणते, रश्श्यालाही 'काइ'. आम्ही "काय?" विचारले की हसते. पोरीचा गोंधळ होऊन मराठी जाईल का?
– एक आजी, काशीद

उत्तर : आजी, नात चुकत नाही. हवाईच्या भाषेत 'काइ' म्हणजे समुद्र, खारे पाणी, भरती-ओहोटीचे पाणी आणि ताटातला रस्साही. ओहोटीला तिथे 'काइ मालोओ' म्हणतात, म्हणजे सुकलेला समुद्र. कोकणात ओहोटीला 'सुकती' म्हणतात, ते आठवा! दोन किनाऱ्यांवरच्या माणसांना एकच गोष्ट दिसली, याचे मला फार अप्रूप वाटते.

शब्दाचा कोणता अर्थ घ्यायचा, हे मूल प्रसंगावरून ओळखते. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे बिघडत नाही. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर मात्र श्रवण तपासणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. तुमची नात तर हसून उत्तर देते. तिच्याशी रोज मराठीतच बोला.