भाजी घेऊन येतो

दारू सोडलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "ग्लास समोर आला की कसं आवरता हो?" प्रश्न चांगला आहे, पण उशिराचा. ग्लास समोर येईपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असतं. माझं ठरायचं ते घरात, "भाजी घेऊन येतो" म्हणताना.

आम्ही भिलाईत, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये राहतो. भाजी तिथंही मिळते. तरी रविवार आला की मला सुपेल्याच्या बाजारातलीच मेथी हवी असायची. थैली बायकोकडून मागून घ्यायची, म्हणजे तिला संशय नको. भाजी दोनशेची, खिशात नोट पाचशेची. सुपेल्यातल्या आकाशगंगा भाजीबाजारापाशी गर्दी फार म्हणून स्कूटर लांब लावायची, आणि हे 'लांब' नेमकं भट्टीच्या वाटेवर असायचं. (आमच्या छत्तीसगडात दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात. २०१७ पासून ती सरकार चालवतं, त्यामुळे मालकाला शिव्या घालायचीही सोय नाही.) तिथं पोचल्यावर 'आता आलोच आहे तर' एवढंच उरायचं. मेथी शेजारच्या पोराच्या हाती घरी जायची, मी मागाहून.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी नेमके हेच निर्णय हेरले: दिसायला साधे, दारूशी संबंध नसल्यासारखे, पण एकामागून एक त्याच दारात नेणारे. समुपदेशकाने मला हे समजावलं तेव्हा आधी राग आला. मग कागद घेऊन रविवारचा हिशेब उलटा मांडला. थैली, नोट, स्कूटर. यातल्या प्रत्येक ठिकाणी परत फिरणं भट्टीच्या खिडकीपासून परत फिरण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. म्हणून सोडू पाहणाऱ्यांना माझं सांगणं असं की निर्धार खिडकीसाठी राखून ठेवू नका. भाजी सेक्टरमधून आणा, पैसे मोजके न्या, पगाराच्या दिवशी कुणाला तरी सोबत घ्या.

दुसरी गोष्ट वहीची. अल्बर्ट एलिस यांची मांडणी मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली: घटना, तिच्याबद्दलचा विचार आणि परिणाम. मी तीन रकाने आखले. घटना: साहेब सगळ्यांसमोर बोलले. परिणाम: सुपेला. मधला रकाना बरेच दिवस कोराच राहायचा, कारण मला वाटायचं साहेबांमुळेच प्यालो. शेवटी लिहिलं, 'हे मला सहन होणार नाही.' आता या वाक्याला पुरावा मागायचा. याआधी बोलणी खाऊन, जेवून, गुमान झोपलो नव्हतो का? झोपलो होतो. मग 'आवडलं नाही' हे खरं, 'सहन होणार नाही' हे खोटं. साहेब बदलत नाहीत. मधला रकाना बदलतो. तोंडी नका करू, लिहा. मनातल्या मनात वाद घातला की तल्लफच जिंकते.

तल्लफ लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ तिच्याशी भांडायचं नाही, फक्त बघायचं: घसा कोरडा, हात अस्वस्थ, छातीत घाई. नाइट शिफ्टहून उपाशी आणि जागलेले आलात तर आधी पोहे खा, झोपा. पुष्कळदा ती भूकच असते.

मित्र म्हणतील, "चल ना यार, एक-एक हो जाए." "आज नको" म्हणू नका; उद्याचं आमंत्रण तुम्हीच दिलंत. "औषध चालू आहे" यालाही मुदत असते. "मी पीत नाही" इतकंच बोला आणि तिथून निघा. कारणं देत बसलात की वाटाघाटी सुरू होतात.

आणि कधी पाय घसरलाच, तर 'आता गेलंच सगळं' हा विचार पहिल्या घोटापेक्षा महाग पडतो. बाटली त्यानंतर संपते. त्या रात्रीच कुणाला तरी सांगा, सकाळी वही उघडा.

एक मात्र वहीने होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. पहिल्या काही दिवसांत हात थरथरणं, भास, फिट येणं, यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग रकाने. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरच्यांनीही लावायला हरकत नाही. आमच्याकडे पहिला फोन बायकोनेच केला होता.