सोसेल ते अन्न

घरात चूल एक असते. भाकरी एका परातीत मळतात, आमटी एका पातेल्यात शिजते. पण खाणाऱ्यांची पोटे निरनिराळी असतात. एकाला जे अन्न अंगी लागते, तेच दुसऱ्याला सोसत नाही. मग आपण म्हणतो, "नखरे करतोय," नाहीतर म्हणतो, "दृष्ट लागली." पण खरे कारण पुष्कळदा ताटातच असते. ते कसे शोधावे आणि रोजचे जेवण कसे आखावे, हे आपण या पाठात पाहू.

एका घरची गोष्ट

अकलूजजवळच्या मळ्यातले एक घर डोळ्यांपुढे आणू या. शेजारून नीरेचा कालवा वाहतो. उसाचे रान आहे, केळी आहेत, दारात दुभती म्हैस आहे. घरात खायला कमी नाही.

या घरात चार वर्षांची एक पोर आहे. तिचे हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले. दिवसातून चार-पाच वेळा जुलाब होतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात. सहा महिने झाले, काटा जागचा हलला नाही.

आजीचा नातीवर फार जीव. ती म्हणते, "पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घाला." मग सकाळी दुधात बिस्किटे, दुपारी तूप लावून गव्हाची पोळी, संध्याकाळी शिरा. पोर जितकी खाते, तितकी वाळत जाते. आजी सुनेवर चिडते. "तुझ्या हातालाच गुण नाही," म्हणते. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, गंडा बांधून झाला. गुण येत नाही.

सून रात्रीच्या वर्गाला जाते. तिला आता लिहिता येते. एक दिवस तिने वहीचे पान घेतले आणि चार घरे आखली. पहिल्या घरात वार, दुसऱ्यात काय खाल्ले, तिसऱ्यात केव्हा खाल्ले, चौथ्यात पुढे काय झाले. रोज रात्री ती चार ओळी लिहू लागली. तीन आठवडे झाले. वही घेऊन ती पोरीसह सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी वही शेवटपर्यंत वाचली. पोट दाबून पाहिले. अंगणवाडीतले वजनाचे कार्ड पाहिले. मग म्हणाले, "बाई, हिच्या खाण्यात रोज गहू आहे. काही मुलांना गहू बाधतो. रक्त तपासून पाहू. पण तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. बंद केला, तर तपासणीत दोष दिसायचा नाही."

रक्ताची तपासणी झाली. पुढे मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीने आतडेही तपासले. पोरीला गहू बाधतो हे ठरले. या आजाराला सिलिअ‍ॅक म्हणतात.

आजी ओसरीवर बसून रडली. "म्हणजे मीच माझ्या हातानं पोरीला इख घातलं का गं?"

सून म्हणाली, "नाही आत्याबाई. तुम्ही माया घातली. गहू तिला सोसत नाही, हे आपल्यापैकी कुणाला ठाव होतं?"

गव्हात असे काय असते?

कणीक मळून थोडा वेळ ठेवली की ती ताणते, तुटत नाही. हा ताण ज्यामुळे येतो, त्याला ग्लूटेन म्हणतात. ज्वारीच्या पिठात तो नसतो. म्हणून तर भाकरीला कढत पाणी लागते आणि ती हाताने थापावी लागते.

बहुतेकांना ग्लूटेन काही करत नाही. पण थोड्या माणसांच्या आतड्याला ते इजा करते. आतड्याचे आतले अस्तर झिजते. मग खाल्लेले अन्न रक्तात जात नाही, नुसते वाहून जाते. पोर भरल्या घरात उपाशी राहते.

हे जगाला तरी कसे कळले? हॉलंड देशात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. ही मुले पावाने आजारी पडतात, असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, लढाईच्या दिवसांत, त्या देशात अन्नाची भीषण टंचाई पडली. गव्हाचा पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी मरत होते, पण ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली. डिके यांनी मुलांच्या खाण्याची आणि वजनाची नोंद ठेवली आणि १९५० साली आपला प्रबंध मांडला. म्हणजे तिथेही काम केले ते नोंदवहीनेच.

गव्हाच्या जागी काय?

यावर सोलापूर जिल्ह्याला तरी काळजी करायला नको. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याची ज्वारी तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा आणि सगळ्या डाळी यांत ग्लूटेन नाही. ज्या भाकरीला आपण गरिबाचे अन्न म्हणून मागे सारले, तीच या पोरीचे औषध झाली.

मात्र डॉक्टरांनी हा आजार ठरवला, की गहू जन्मभर आणि पुरता सोडावा लागतो. चिमूटभरही चालत नाही. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवाव्या:

१. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे, खारी, टोस्ट हे सगळे गव्हाचेच. जव म्हणजे सातूही चालत नाही.

२. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, तर आधीचे पीठ तिच्यात येते. म्हणून घरी जाते असेल तर त्यावर दळावे. नाहीतर जिथे फक्त ज्वारी-बाजरी दळतात, अशी गिरणी पाहावी.

३. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवर काय लिहिले आहे ते वाचावे. आता आपल्याला वाचता येते!

४. पोळीचे पोळपाट आणि तवा वेगळा ठेवावा.

५. अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेच्या गुरुजींना सांगून ठेवावे. आषाढात तुकोबारायांची पालखी अकलूजला येते. कुणी प्रेमाने शिऱ्याचा प्रसाद हातावर ठेवतो. पोरीला त्या वेळी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. होळीला पोळीऐवजी वाटीत पुरण द्यावे. सणाला तिचे ताट रिकामे वाटू नये.

गहू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला सोसतो त्याने खुशाल खावा. एकाला बाधला म्हणून साऱ्या घराने सोडायचे कारण नाही.

दूध आणि ताक

त्याच घरात पोरीचे चुलते आहेत. दूध प्याले की त्यांचे पोट गुडगुडते, वारा धरतो. मित्र हसतात, "म्हशीच्या मालकाला दूध पचत नाही!" यात हसण्यासारखे काही नाही. दुधात एक साखर असते. ती पचवायला आतड्यात एक रस लागतो. लहानपणी तो भरपूर असतो. मोठेपणी जगातल्या पुष्कळ माणसांत तो कमी होतो.

अशा माणसाने दूध थोडे घ्यावे किंवा सोडावे. दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणाने ती साखर काही अंशी खाऊन टाकलेली असते. दुधातला चुना शरीराला हवा असतो. त्याला कॅल्शियम म्हणतात. तो नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतून मिळतो. वजनाला वजन धरले, तर नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते.

पण तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध आपल्या मनाने कधीही तोडू नये. त्यासाठी डॉक्टरांना विचारावे.

थांबू नये अशी वेळ

कुणाला शेंगदाणा, अंडे, मासे किंवा दूध यांचे वावडे असते. ते खाताच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. अशा वेळी वही काढून बसू नये. घरगुती उपायही करत बसू नये. १०८ वर फोन करावा आणि लगेच दवाखाना गाठावा. यात जीव जाऊ शकतो.

ताटाची डावी बाजू

आता दुसरी गोष्ट. बाधणारे अन्न काढले, तेवढ्याने काम भागत नाही. ताट भरलेही पाहिजे. आपल्या ताटाची डावी बाजू बघा. तिथे पूर्वी कोशिंबीर असे. आता कित्येक घरांत नुसते लोणचे असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावी. म्हणजे शिजलेले आणि कच्चे मिळून पावकिलोहून बरेच जास्त. त्यातला काही भाग कच्चा असावा. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. ते पेरू, आवळा, लिंबू, कोथिंबीर यांत असते. भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे. काम एका मिनिटाचे, फायदा मोठा.

कच्चे काय खावे? काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कांदा, कांद्याची पात, कोवळी मेथी, घोळीची भाजी. फळांत पेरू, केळी, पपई, बोरे, डाळिंब. यांतले बरेच आपल्या बांधावर होते.

पण सगळेच कच्चे खाऊ नये. अळू कच्चे खाल्ले तर घसा खाजतो. राजमा, पावटा, घेवडा नीट शिजवावा. हिरवा पडलेला बटाटा टाकून द्यावा. कुबट, बुरशी आलेला शेंगदाणा कुटातही घालू नये. मोडाची मटकी गरोदर बाईला, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना शिजवून द्यावी. लहान मुलाला गाजर किसून द्यावे. तुकडा घशात अडकतो. अख्खा शेंगदाणाही देऊ नये.

आणि धुतल्याशिवाय काहीच खाऊ नये. नदीच्या, कालव्याच्या पाण्यात धुतलेली भाजी स्वच्छ दिसते, पण स्वच्छ नसते. आधी हात, विळी आणि पाट साबणाने धुवावा. मग पिण्याच्या पाण्याने भाजी दोन-तीनदा धुवावी. मुळा-गाजर चोळून माती काढावी. कोशिंबीर जेवायच्या वेळीच करावी. पावसाळ्यात गढूळ पाणी असते, तेव्हा पाला शिजवूनच खावा. कच्चे म्हणून सोलून खायची फळे घ्यावी.

एका दिवसाचे जेवण

सून आता पोरीचे जेवण असे आखते. तुम्हांला सोयीचे ते घ्या:

सकाळी: नाचणीची आंबील.

दुपारी: ज्वारीची भाकरी, मेथी घालून तुरीची डाळ, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड.

चार वाजता: केळे किंवा पेरूच्या फोडी.

रात्री: भाकरी किंवा भात, मुगाची आमटी, किसलेले गाजर, थोडे ताक.

कोशिंबिरीने कुणाचे पोट दुखले, तर ती एकदम बंद करू नये. आज चमचाभर, चार दिवसांनी दोन चमचे, असे वाढवावे. कांदा सोसत नसेल तर काकडी खावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दहा गोष्टी एकदम सोडल्या, तर बाधले काय ते कळत नाही आणि अंगातली ताकद मात्र जाते.

पुढे काय झाले?

महिन्याभरात पोरीचे जुलाब थांबले. तिसऱ्या महिन्यात अंगणवाडीतल्या काट्याने वजन वाढल्याचे दाखवले. आता भाकरी आजीच थापते. गिरणीवर दळण घेऊन तीच जाते आणि आधी काय दळले ते विचारल्याशिवाय डबा खाली ठेवत नाही. वहीत अजून रोज चार ओळी पडतात. आजीला लिहिता येत नाही. ती सांगते, सून लिहिते. परवा आजी म्हणाली, "मलाबी शिकव की. उद्या तू माहेरी गेलीस, तर पोरीचं कोण लिहील?"

प्रश्न

१. तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, असे डॉक्टरांनी का सांगितले?

२. ज्वारीच्या पिठाला कढत पाणी का लागते?

३. दूध न सोसणाऱ्याने कॅल्शियम कशातून मिळवावे?

४. कोणत्या भाज्या कच्च्या खाऊ नयेत?

करून पाहा

वहीत चार घरे आखा: वार, काय खाल्ले, केव्हा, पुढे काय झाले. घरात ज्याच्या पोटाची नेहमी तक्रार असते, त्याची तीन आठवडे नोंद ठेवा. ती घेऊन दवाखान्यात जा.