मुरुमे आणि कमी ग्लायसेमिक आहार

प्रश्न : साखर व मैदा कमी केल्याने मुरुमे आटोक्यात येतात का?

उत्तर : काही अंशी येतात. अन्नातील कर्बोदके रक्तशर्करा किती वाढवतात हे दाखवणाऱ्या मापाला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. त्यात ग्लुकोजचे मूल्य १०० धरतात आणि ५५ किंवा त्याहून कमी मूल्याचे पदार्थ ‘कमी’ गटात मोडतात. रक्तशर्करा झपाट्याने वाढली की इन्सुलिन व इन्सुलिनसदृश वाढघटक वाढतात, त्यामुळे तैलग्रंथींतून अधिक स्राव होतो, रोमछिद्रे बुजतात आणि दाह उद्भवतो. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षांच्या तरुणांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, १२ आठवड्यांच्या कमी ग्लायसेमिक आहाराने मुरुमे तुलनागटापेक्षा अधिक घटली; मात्र वजनही घटल्याने सारे श्रेय निर्देशांकाला देता येत नाही. म्हणून गोड पेये, बिस्किटे व पांढरा पाव यांऐवजी मटकी, हरभरा, राजमा, डाळी व भाज्या यांना ताटात अधिक जागा द्यावी आणि परिणामासाठी किमान तीन महिने धीर धरावा. आहार हा औषधांना पूरक असतो, पर्याय नव्हे. त्यामुळे दुखऱ्या गाठी, व्रण किंवा अनियमित मासिक पाळी असल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.