भरवशाची फुलझाडे

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की गोंदिया जिल्ह्यातील खेड्याखेड्यांतून एकच गडबड उडते. बांध्यांतून नांगर फिरू लागतात, पऱ्हे टाकण्यासाठी जागा तयार होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी धानाच्याच गोष्टी ऐकू येतात. याच दिवसांत घरोघरची मुलेही कुदळ घेऊन घरामागच्या सांदवाडीत शिरतात. कोणी काकडीचे बी टोचतो, कोणी दोडक्याचा वेल मांडवावर चढवतो. आणि फुलांची हौस नाही, असे मूल तर शोधूनही सापडायचे नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी या भागातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. एका वर्षी सातवीच्या मुलांनी शाळेपुढील मोकळ्या जागेत बाग करायचे ठरवले. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी शाळेच्या दारावर आपल्याच बागेतील फुलांचे तोरण लावायचे, असा त्यांचा बेत होता. मुलांनी खाऊचे पैसे साठवून शहरातून बियांची पाकिटे आणवली. त्या पाकिटांवरील चित्रे काय वर्णावी! पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉक्स अशी त्या फुलांची नावे. जमीन खणण्यात, वाफे बांधण्यात आणि बी पेरण्यात एक मुलगा सर्वांत पुढे होता. बाग त्याच्याच भरवशावर उभी राहणार, असे सारे म्हणत.

परंतु भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा, तशी गत झाली. जूनच्या अखेरीस पेरलेले काही बी उगवलेच नाही. जे उगवले, ते आषाढाच्या धारांखाली आडवे झाले आणि आठ दिवसांत कुजून गेले. मुले आपापसांत कुजबुजू लागली. तो मुलगा एके दिवशी माझ्याकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, माझ्या हाताला यशच नाही. पुन्हा मी बागेत काम करणार नाही."

मी त्याची समजूत घातली. पण बी का फसले, हे मलाही नीट सांगता येईना. काही दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. ते धानाचे शेतकरी. मी त्यांना तो वाफा दाखवला. ते खाली बसले, मूठभर माती हातात घेऊन चुरली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, ही तर बरड जमीन. बरडीत भारी धान कोण टाकते? अन् हे बी कोणत्या दिवसांचे, हे तरी पोरांनी पाहिले काय? बी वाईट नाही, पोराचा हातही वाईट नाही. वेळ चुकली, जागा चुकली."

मुलांनो, त्या दोन वाक्यांत बागेचे सारे शास्त्र आले आहे. ते कसे, हे आता पाहू.

धानाचे हलके, मध्यम आणि भारी असे प्रकार तुम्हांला ठाऊकच आहेत. हलके धान ११५ दिवसांच्या आत पिकते, तर भारी धानाला १३५ दिवसांहून अधिक काळ लागतो. उंचावरील बरड जमिनीत पाणी लवकर आटते. म्हणून तेथे शेतकरी हलके धान घेतो. तलावाखालच्या खोलगट बांधीत ओल पुष्कळ दिवस टिकते. तेथे तो भारी धान रोवतो. "सर्वांत सुंदर धान कोणते?" असे तो विचारीत नाही. "या जागी आणि या दिवसांत हमखास पिकेल, असे धान कोणते?" असे तो विचारतो. फुलझाड निवडतानाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

धान आणि झेंडू यांची जातही एका अर्थी सारखीच आहे. काही झाडे वर्षानुवर्षे जगतात. जास्वंद आणि मोगरा ही त्यांची उदाहरणे. त्यांना बहुवर्षायू म्हणतात. याउलट काही झाडे एकाच हंगामात उगवतात, वाढतात, फुलतात, बी देतात आणि वाळून जातात. ही वर्षायू झाडे होत. वर्षायू झाडाचे सारे आयुष्य चार-सहा महिन्यांचे. त्यामुळे त्याला चुकीच्या वेळी पेरले, तर चूक सुधारण्यास त्याच्यापाशी अवधीच नसतो. म्हणून ज्या झाडाचा हंगाम आणि आपला हंगाम जुळतो, ते झाड आपल्यासाठी भरवशाचे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला १२०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हा मारा सोसणारी फुलझाडे पावसाळ्यासाठी निवडावी. तेरडा हे त्यांतील पहिले. हे झाड मूळचे आपल्याच देशातील. त्याचे बी थेट जागेवर पेरले तरी उगवते. त्याच्या पिकलेल्या बोंडाला नुसते बोट लावून पाहा. ते फटकन फुटून बी चहूकडे उडते आणि पुढच्या पावसाळ्यात न पेरताही रोपे वर येतात. 'तेरड्याचे रंग तीन दिवस' अशी म्हण आहे खरी. पण एका फुलाचा रंग उडाला, तरी झाड कित्येक आठवडे फुलत राहते.

दुसरा झेंडू. हा मूळचा मेक्सिकोकडील; पण आज त्याच्याविना आपला दसरा होत नाही. बी पेरल्यापासून मोठ्या फुलांचा झेंडू साधारणपणे ६० ते ७५ दिवसांत फुलू लागतो. येथे थोडे गणित करावे लागते. दसरा दर वर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, तर २०२५ साली २ ऑक्टोबरला. दसऱ्यापासून ७५ दिवस मागे मोजले, तर पहिल्या वर्षी पेरणीची तारीख १० ऑगस्ट येते आणि दुसऱ्या वर्षी १९ जुलै. पंचांग पाहून पेरणारा मुलगा दसऱ्याला रिकाम्या हातांनी बसत नाही. झेंडूचा आणखी एक गुण आहे. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी नावाचे बारीक जीव जमिनीत असतात. झेंडूच्या मुळांमुळे त्यांना आळा बसतो. म्हणून वांगी-टोमॅटोच्या शेजारी झेंडू अवश्य लावावा.

झिन्निया आणि कॉसमॉस हीदेखील मेक्सिकोकडचीच झाडे, पण आपल्या अंगणात चांगली रुळली आहेत. योहान झिन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या (१७२७–१७५९) नावावरून झिन्नियाला ते नाव मिळाले. कॉसमॉसची एक खोड लक्षात ठेवावी. दिवस लहान होऊ लागले, म्हणजे तो भरभरून फुलतो. त्याला जूनमध्येच पेरले, तर तो नुसता उंच वाढतो आणि वाऱ्याने लोळतो. ऑगस्टच्या अखेरीस पेरला, तर आटोपशीर राहून फुलतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो आणि रात्री गार होऊ लागतात. हा काळ पिटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर आणि पॅन्सी यांचा. त्यांना थंड हवा आणि कोवळे ऊन आवडते. सततची ओल मात्र मुळीच सोसत नाही. आमच्या मुलांनी हिवाळ्याचे पाहुणे भर पावसात बोलावले होते! पुढे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि विहिरींचे पाणी खोल जाते. तेव्हा मोठी बाग करण्याचा हट्ट धरू नये. जाड पानांत पाणी साठवणारा चिनी गुलाब एखाद्या पसरट कुंडीत लावला, तर थोडक्या पाण्यावर तो रोज सकाळी हसतमुखाने उमलतो.

हंगामानंतर जागा पाहावी. बहुतेक वर्षायू फुलझाडांना दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. घरामागे आंब्याची दाट सावली असेल, तर तेथे झेंडू नुसता पाने देईल. जमीन बरड असेल, तर तीत शेणखत भरपूर मिसळावे. जमीन काळी कन्हार असेल, तर तिच्यात पाणी साचते. तेथे वीतभर उंच गादीवाफा करून त्यावर रोपे लावावी.

तिसरी गोष्ट बियांची. शेतकरी धानाचे बी मिठाच्या पाण्यात टाकतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवले, की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरलेले तळाशी बसतात. फुलांच्या हलक्या बियांना ही कसोटी लावता येत नाही. पण त्यांच्यासाठी दुसरी सोपी कसोटी आहे. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्या आणि फडके ओले ठेवावे. आठवड्याभराने उघडून पाहावे. आठ बियांना मोड आले, तर बी उत्तम. तीन-चारांनाच आले, तर ते दाट पेरावे किंवा दुसरे आणावे. घरचे बी धरायचे असेल, तर सर्वांत निरोगी झाडावरील सर्वांत चांगले फूल न तोडता झाडावरच वाळू द्यावे. ते सावलीत सुकवून कागदी पुडीत बांधावे, पुडीवर नाव आणि वर्ष लिहावे आणि पुडी कोरड्या डब्यात ठेवावी. मात्र विकतचे बी संकरित असेल, तर त्याच्या बियांपासून हुबेहूब तशीच फुले येतील, अशी अपेक्षा करू नये.

आता आमच्या बागेचे पुढे काय झाले, ते सांगतो. वर्गातील एका मुलीने आदल्या वर्षीच्या तोरणातील वाळकी झेंडूची फुले कुंपणाकडेला चुरून टाकली होती. तिकडे कोणाचे लक्षही नव्हते. त्या वर्षी दसऱ्याला शाळेच्या दारावर तोरण लागले, ते त्याच झेंडूचे. आणि त्या मुलाचे? पाकिटांत थोडे बी उरले होते. पाऊस परतल्यावर मी ते त्याच्या हाती दिले. वडिलांचे बोल त्याच्या मनात होतेच. या वेळी त्याने माती हलकी केली, पाण्याचा निचरा पाहिला आणि मग पेरले. जानेवारीत शाळेच्या पायऱ्यांवर पिटुनिया आणि फ्लॉक्सच्या कुंड्या फुलांनी भरून गेल्या. बी तेच होते, हातही तेच होते.

तो मुलगा कुंड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मला म्हणाला, "गुरुजी, पुढल्या वर्षी पाटीवर आधी महिने लिहू आणि मग बी आणू." त्याला शाबासकी देण्यावाचून मला दुसरे काही सुचले नाही.

मुलांनो, काम फसले, की आपण चटकन स्वतःला दोष देतो, नाही तर नशिबाला. त्याआधी माती हातात घेऊन पाहावी, पंचांग उघडावे आणि जाणत्याला विचारावे. पुष्कळदा हात चांगलाच असतो. योग्य वेळ आणि योग्य जागा तेवढी शोधायची असते.

स्वाध्याय

१. मुलांनी जूनमध्ये पेरलेले बी का फसले? दोन कारणे लिहा.
२. शेतकरी धान निवडताना कोणता प्रश्न विचारतो? तो प्रश्न फुलझाडांना कसा लागू पडतो?
३. कारणे द्या : (अ) वांगी-टोमॅटोच्या शेजारी झेंडू लावावा. (आ) कॉसमॉस जूनमध्ये पेरू नये.
४. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' आणि 'तेरड्याचे रंग तीन दिवस' या म्हणींचा अर्थ सांगून त्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. यंदाच्या दसऱ्याची तारीख पंचांगात पाहा आणि झेंडू कोणत्या तारखेला पेरावा, ते काढा.
६. घरातील वडील माणसांना विचारून तुमच्या गावातील जमिनीचे प्रकार आणि त्यांत घेतली जाणारी पिके यांचा तक्ता तयार करा.