विषादाची वेळ

रायपूर हे आता विद्यार्थ्यांचे नगर झाले आहे. १९३८ साली तेथे छत्तीसगढ महाविद्यालय निघाले, १९५६ साली खनिकर्म व धातुशास्त्राच्या शासकीय महाविद्यालयाची कोनशिला बसली, १९६४ साली विद्यापीठ आले. खेड्यापाड्यांतून येथे येणारा अठरा वर्षांचा मुलगा गावच्या शाळेत बहुधा पहिला असतो. येथे मात्र प्रत्येक जण कोठला ना कोठला पहिलाच! ज्या गुणांवर त्याने स्वतःची किंमत ठरविली, ते गुणच घटले म्हणजे 'मी कोण?' हा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री छातीची धडधड होऊन उभा राहतो.

गीतेचा आरंभ अशाच अवस्थेतून होतो. अर्जुनाच्या तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटते. तो भित्रा नव्हता की अडाणी नव्हता. तेव्हा चिंता दुर्बळांनाच ग्रासते, हा समज गीतेला मान्य नाही. आणि भगवंतांचे वर्तन पाहावे. पहिल्या अध्यायात ते एकच वाक्य बोलतात. पुढे अर्जुन बोलतो व ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी दोन श्लोकांत ते त्याला फटकारतात खरे, पण तेवढ्याने अर्जुन सावरत नाही. तो मन मोकळे करून गप्प झाल्यावरच, अकराव्या श्लोकापासून, खरा उपदेश सुरू होतो. आपल्या घरी हा क्रम बहुधा उलटा असतो: उपदेश आधी, ऐकणे कधीच नाही.

याच रायपुरात १८७७ साली वकील विश्वनाथ दत्त आपल्या कुटुंबासह राहावयास आले. गावात योग्य शाळा नव्हती. म्हणून ते मुलाशी तासन्‌तास चर्चा करीत, त्याला स्वतःचे मत मांडू देत. तो मुलगा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद. रायपूरच्या विवेकानंद आश्रमाचे संस्थापक स्वामी आत्मानंद नागपूरला गणित शिकत असताना रामकृष्ण आश्रमात राहिले. पुढे प्रशासकीय सेवेची वाट त्यांनी सोडली. सर्वांनी तसेच करावे असे नव्हे. परंतु शिकण्याच्या वयात जीवनाच्या हेतूविषयी बोलावयास कोणी भेटले, तर निवड भयातून होत नाही.

फळावर हक्क सांगू नये, याचा अर्थ अभ्यास ढिला करावा असा काढणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. गीतेत तसे नाही. प्रयत्न पूर्ण हवा, फक्त निकालाच्या कागदावर आत्ममूल्य टांगू नये. सहाव्या अध्यायात तर आहार, निद्रा व जागरण यांच्या प्रमाणाचीही चर्चा आहे. रात्रभर जागून सकाळी जप करणाऱ्याला ती लागू पडते.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, अन्न नकोसे झाले, जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर केवळ पारायणावर विसंबू नये. वैद्याकडे जाणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. वसतिगृहात मुलगा ठेवताना तो क्रमांक त्याच्या वहीत लिहून द्यावा, आणि रविवारी फोन आला म्हणजे गुणांची चौकशी सर्वांत शेवटी करावी.