नाट्यवेषाचा इतिहास व शाळेचे स्नेहसंमेलन

पाठाचा हेतू : पोशाखाची ऐपत नाही म्हणून संमेलनात एखाद्या मुलाची भूमिका दुसऱ्यास दिली जाते. असे कोणत्याही शाळेत घडू नये. रंगभूमीवरील वेष ही श्रीमंती नसून खूण होय, हे मुलांस उमगावे.

विवेचन : भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वेष, अलंकार व रंगलेपन यांचा समावेश आहार्यात होतो. अर्थात वेष हाही अभिनयच. प्राचीन ग्रीसमध्ये मुखवटा बदलून एकच नट अनेक भूमिका करी. चीनमधील पेकिंगच्या संगीतनाट्यात तांबडा चेहरा निष्ठावंताचा, तर पांढरा कपटी मनुष्याचा समजला जातो. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात स्त्रीभूमिका मुलगे करीत.

महाराष्ट्रात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. देव, राक्षस व स्त्रिया अशा पात्रांच्या वर्गांस त्या काळी देवपार्टी, राक्षसपार्टी व स्त्रीपार्टी म्हणत. पात्र बोलण्यापूर्वीच ते कोण हे प्रेक्षकांस वेषावरून कळे. पुढे १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी भरजरी वस्त्रांनी स्त्रीभूमिका सजविल्या. त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. परंतु अशा थाटावरील अमाप खर्च हे मंडळी कर्जात बुडण्याचे एक कारण ठरले.

याउलट, वासुदेवास ओळखण्यास मोरपिसांची टोपी पुरते. गोंधळ्यास कवड्यांची माळ. देगलूर परिसरात मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा कानी पडतात. शब्द न कळणाऱ्या मुलासही अशा खुणेने पात्र कळते.

वर्गातील कृती : एका मुलास पुढे उभे करावे. खांद्यावर घोंगडी व हाती काठी देऊन "हा कोण?" असे विचारावे. मग घोंगडी काढून पुठ्ठ्यास बेगड चिकटविलेला मुकुट चढवावा व तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर कोणत्या वस्तूमुळे बदलले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

दक्षता : कथकळीसारख्या कलांत हरताळ व हिंगूळ यांचे रंग लावण्याची परंपरा आहे. हरताळात सोमल व हिंगुळात पारा असतो. मुलांच्या चेहऱ्यास ते कदापि लावू नयेत. कोणत्याही जातीजमातीच्या पोशाखाची टवाळी होऊ देऊ नये. वासुदेव वा गोंधळी गावात आल्यास त्यांस सन्मानाने शाळेत बोलवावे व त्यांच्याच तोंडून वेषाची माहिती मुलांस ऐकवावी.

स्वाध्याय :
१. घरातील तीन वस्तूंनी तीन पात्रे कशी दाखवाल?
२. आहार्य अभिनय म्हणजे काय, ते उदाहरणासह लिहा.

संमेलनाच्या पूर्वतयारीत भूमिका आधी वाटाव्यात, वेषाचा विचार मागाहून करावा, आणि तो शाळेतच तयार व्हावा. पालकांकडे पोशाखासाठी पैसे मागू नयेत. भूमिका गुणाने मिळते, हा धडा मुलास त्यातूनच मिळेल.